अडखळणारे इंजिन : एका दोषाचा शोध

सुस्थितीतील पेट्रोल इंजिन चालू असताना त्यातील एकेक स्फोट आपल्याला कधीच वेगळा ऐकू येत नाही. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर त्या एका मिनिटात सहा हजार वेळा, म्हणजेच सेकंदाला शंभर वेळा, कोणत्या ना कोणत्या सिलिंडरमध्ये इंधन पेट घेत असते. हे शंभर स्फोट एकमेकांत इतके मिसळून जातात, की कानांवर पडतो तो एकच अखंड नाद. त्या शंभरांपैकी काही चुकले, की या नादात खंड पडतो. गाडीला हिसके बसतात, मागच्या नळीतून ‘फट्’ असा आवाज येतो आणि क्षणापूर्वीपर्यंत आज्ञाधारक असलेले यंत्र अडखळू लागते. या दोषाला तंत्रज्ञ मिसफायर म्हणतात. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये ‘इंजिन मिसिंग करते’ अशा शब्दांत त्याची तक्रार मांडली जाते. मराठीत त्याला ज्वलनचूक म्हणता येईल.

आजच्या गाडीत अशी चूक घडली, तर इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक फेऱ्यांच्या वेगातील सूक्ष्म चढउतारांवरून ती ओळखतो आणि चालकासमोरचा पिवळा दिवा लावतो. कोणता सिलिंडर चुकतो आहे, हेही तो पुष्कळदा सांगतो. का चुकतो आहे, हे मात्र शोधावेच लागते. जुन्या गाडीत असा दिवाही नसतो आणि संगणकही नसतो. तेथे दुरुस्ती करणाऱ्याचे डोळे, कान, नाक आणि विचारशक्ती हीच उपकरणे. म्हणूनच दोष शोधण्याची पद्धत समजून घेण्यासाठी जुनी गाडी हे फार चांगले उदाहरण आहे.

आपण येथे ‘एमजीबी’ या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे उदाहरण घेऊ. इंग्लंडमधील ॲबिंग्डन या गावी १९६२ ते १९८० या काळात ही गाडी तयार होत असे. तिच्या सर्व प्रकारांची मिळून पाच लाखांहून अधिक वाहने तेथून बाहेर पडली, त्यामुळे जगातील हौशी लोकांच्या संग्रही ती आजही मोठ्या संख्येने आहे. तिचे इंजिन १७९८ घन सेंटिमीटर क्षमतेचे, चार सिलिंडर एका रांगेत असलेले, ‘बी सिरीज’ या नावाने ओळखले जाणारे. हे नाव आपल्याला परके वाटेल, पण हे इंजिन मात्र परके नाही. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होणाऱ्या आपल्या ॲम्बॅसिडर गाडीत अनेक दशके जे १४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन बसवले जात होते, ते याच कुळातील. कोलकात्यातील ज्या मिस्त्रीने पिवळ्या टॅक्सीचे बॉनेट हजारदा उघडले असेल, त्याला एमजीबीचे बॉनेट उघडल्यावर फारसे अनोळखी असे काही दिसणार नाही.

कोणत्याही पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात. हवा आणि पेट्रोल यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण ही पहिली. ते मिश्रण सिलिंडरमध्ये घट्ट दाबले जाणे ही दुसरी. आणि नेमक्या क्षणी पडणारी पुरेशी प्रखर ठिणगी ही तिसरी. या तिघींपैकी एकीनेही पाठ फिरवली, तर ज्वलन चुकते. दोष शोधणाऱ्याचे पहिले काम म्हणजे या तिघींपैकी कोण गैरहजर आहे, हे ठरवणे.

येथे ‘अचानक’ या शब्दाकडे लक्ष द्यावयास हवे. महिनोन्महिने हळूहळू वाढत गेलेली ज्वलनचूक बहुधा झिजेची असते. प्लगची टोके झिजतात, झडपा नीट बसेनाशा होतात, पिस्टनच्या कड्या सैल पडतात. परंतु सकाळी सुरळीत धावणारी गाडी दुपारी एकाएकी अडखळू लागली, तर झीज हे कारण मागे पडते. काहीतरी तुटले आहे, सुटले आहे, तुंबले आहे किंवा विजेला भलतीच वाट सापडली आहे, असे समजून शोध सुरू करावा. कालपरवा गाडीला कोणी हात लावला होता का, हेही विचारावे. आदल्या दिवशी बदललेला भाग आणि आज उद्भवलेला दोष यांचा संबंध पुष्कळदा निघतो. नवा भाग म्हणजे चांगला भाग, असे गृहीत धरणे जुन्या गाड्यांच्या बाबतीत तर विशेष धोक्याचे आहे. मूळ कारखान्याचे सुटे भाग आता दुर्मीळ झाले असून बाजारात मिळणाऱ्या प्रतिकृतींचा दर्जा सारखा नसतो.

अवजारांच्या पेटीला हात लावण्याआधी काही प्रश्न स्वतःला विचारावेत. इंजिन थंड असताना चूक होते की तापल्यावर? गाडी उभी असताना होते की धावताना? चढावर, भार पडल्यावर वाढते की सपाट रस्त्यावर सावकाश जातानाही जाणवते? खंड ठरावीक तालात पडतो की अनियमित? ताल ठरावीक असेल, तर एखादाच सिलिंडर सतत चुकतो आहे असे समजावे. अनियमित असेल, तर सर्वच सिलिंडरना समान असलेल्या एखाद्या भागात बिघाड असण्याचा संभव अधिक. हे प्रश्न फुकटचे आहेत, पण ते न विचारता जो मनुष्य प्लग, कॉईल, पॉइंट असे भाग एकापाठोपाठ बदलत सुटतो, त्याचा खर्च वाढतो. शिवाय गाडी शेवटी सुधारली तरी ती कशामुळे सुधारली, हे त्याला कधीच कळत नाही.

गाडी तशीच रेटावी का, असा विचार कोणाच्याही मनात येईल. रेटू नये. जो सिलिंडर पेट घेत नाही, त्यातील कच्चे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन टाकते आणि खाली उतरून इंजिनाचे तेल पातळ करते. त्यामुळे आज शंभर-दोनशे रुपयांच्या वायरीत असलेला दोष उद्या संपूर्ण इंजिन उघडावयास लावू शकतो. तापलेल्या धूरनळीत जमलेले न जळालेले मिश्रण एकदम पेटते, त्याचाच तो ‘फट्’ आवाज. आधुनिक गाडीत याच मिश्रणामुळे धूर शुद्ध करणारे महागडे उपकरण जळून जाते.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. चूक एका सिलिंडरची आहे, शेजारच्या दोघांची आहे की चौघांचीही, हे सर्वप्रथम ठरवावे. इंजिन मंद गतीने चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून पाहण्याची रीत जुनी आहे. चांगल्या सिलिंडरची वायर काढली, की इंजिनाची चाल लगेच आणखी बिघडते. आधीच निष्क्रिय असलेल्या सिलिंडरची वायर काढली, तर काहीच फरक पडत नाही. तोच अपराधी. मात्र या वायरीत वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो. ती उघड्या हाताने धरू नये, रबरी मुठीची पक्कड वापरावी. ज्यांच्या हृदयात पेसमेकर बसवलेला आहे, त्यांनी या कामापासून दूर राहावे. काढलेली वायर अधांतरी सोडू नये. तिला एक जास्तीचा प्लग जोडून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा, नाही तर बाहेर पडण्यास वाट न मिळालेली वीज कॉईलचे आतील आवरण फोडते. हे सर्व मोकळ्या जागी करावे. बंद गॅरेजमध्ये चालू ठेवलेल्या इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने माणसे दगावतात.

बी सिरीज इंजिनाची एक खास गोष्ट येथे उपयोगी पडते. या इंजिनाच्या डोक्यात, म्हणजे हेडमध्ये, मिश्रण आत येण्यासाठी चार नव्हे तर दोनच वाटा आहेत. रेडिएटरकडून मोजल्यास पहिला आणि दुसरा सिलिंडर एका वाटेने श्वास घेतात, तिसरा आणि चौथा दुसरीने. एमजीबीच्या बहुतेक गाड्यांना दोन एस.यू. कार्ब्युरेटर आहेत, पुढचा पहिल्या जोडीला पुरवठा करतो, मागचा दुसऱ्या जोडीला. त्यामुळे निष्कर्ष जवळजवळ आपोआप निघतात. एकच सिलिंडर चुकत असेल, तर त्याचा प्लग, त्याची वायर, डिस्ट्रिब्युटरच्या टोपणातील त्याचे टोक किंवा त्याच्या झडपा तपासाव्या. पहिला-दुसरा किंवा तिसरा-चौथा अशी जोडी चुकत असेल, तर त्या जोडीचा कार्ब्युरेटर, त्याच्या बुडाशी होणारी हवेची गळती, अथवा दोन सिलिंडरमधील फाटलेली हेड गॅस्केट यांकडे पाहावे. चौघेही चुकत असतील, तर कॉईल, कंडेन्सर, पॉइंट, रोटर, पेट्रोलचा पंप अशा सामाईक भागांकडे वळावे. इतक्या साध्या वर्गीकरणाने शोधाचे क्षेत्र निम्म्याहून कमी होते.

ठिणगीची व्यवस्था थोडी विस्ताराने समजून घेतली पाहिजे, कारण अचानक उद्भवणाऱ्या चुकांचे मूळ बहुतेक वेळा तेथेच असते. ही व्यवस्था मुळात सुमारे १९१० साली अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केली आणि पुढे साठ-सत्तर वर्षे जगातील बहुतेक मोटारगाड्या तिच्यावर चालल्या. बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह कॉईलमधील जाड तारेच्या वेटोळ्यातून जातो आणि तेथे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट हा या प्रवाहाचा दरवाजा. तो उघडला, की प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र एकाएकी कोसळते, आणि त्याच कॉईलमधील बारीक तारेच्या हजारो वेटोळ्यांत हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. हा दाब रोटर नावाच्या फिरत्या हाताकडे येतो. रोटर तो टोपणातील चार टोकांना क्रमाने वाटतो. या इंजिनात वाटपाचा क्रम एक, तीन, चार, दोन असा आहे. पॉइंट उघडताना त्याच्या टोकांवर ठिणगी पडून ते जळू नयेत आणि प्रवाह झटकन तुटावा, म्हणून त्याला एक छोटा कंडेन्सर जोडलेला असतो.

या साखळीतील प्रत्येक दुवा आपापल्या परीने चुकतो. पॉइंटमधील अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावे लागते. त्याची फायबरची टाच झिजली, की हे अंतर कमी होत जाते. पण ती झीज सावकाश होते, एका दुपारी होत नाही. टाचेचा तुकडा उडाला असेल, तर गोष्ट वेगळी. कंडेन्सर मात्र बेभरवशाचा. तो थंड असताना ठीक चालतो आणि तापला, की दगा देतो. पॉइंटची टोके निळसर-काळी पडलेली दिसली आणि ठिणगी निळी न पडता पिवळट, अशक्त पडली, तर संशयाची सुई त्याच्याकडे वळवावी. टोपणाला आतून तडा गेला, तर त्या तड्यात कोळशाची काळी रेघ उमटते आणि वीज त्या रेघेवरून शेजारच्या टोकावर उडी मारते. पावसाळी हवेत ही चूक अधिक दिसते. अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनाकडे पाहिले, तर अशी चोरवीज निळ्या चमकांच्या रूपाने डोळ्यांना दिसते. रात्रीच्या तपासणीइतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही.

रोटर हा या साखळीतील सर्वांत दुर्लक्षित भाग. दिसायला एक लहानसा प्लास्टिकचा तुकडा, त्यावर पितळी पट्टी. पण त्या पट्टीचा रिव्हेट आतल्या दांड्याच्या फार जवळ आला असेल, तर विजेला प्लगपर्यंत जाण्याचे कारणच उरत नाही, ती प्लास्टिक फोडून दांड्यात उतरते. अलीकडच्या काही प्रतिकृतींत हा दोष वारंवार आढळला आहे. त्याची परीक्षा सोपी आहे. टोपण काढावे, कॉईलची जाड वायर पक्कडीने धरून तिचे टोक रोटरच्या मधल्या पितळी भागापासून काही मिलिमीटर दूर ठेवावे, आणि पॉइंट हाताने उघडमीट करावे. रोटर निर्दोष असेल, तर तेथे ठळक ठिणगी पडणार नाही, कारण विजेला पुढे वाट नाही. ठिणगी जोरात पडली, तर वीज रोटरमधून खाली गळते आहे.

ठिणगीचा दोष की पेट्रोलचा, हे ओळखण्याचे एक उत्तम साधन चालकासमोरच असते. फेऱ्यांची संख्या दाखवणारा काटा, म्हणजे टॅकोमीटर. एमजीबीच्या अगदी आरंभीच्या गाड्या सोडल्या, तर हा काटा कॉईलच्या बारा व्होल्टच्या प्रवाहातील खंड मोजून चालतो. गाडी वेगात असताना इंजिन अडखळले आणि त्याच क्षणी काटा शून्याकडे उडी मारून परत आला, तर गाडीची चाके इंजिनाला फिरवत असूनही कॉईलचा प्रवाह तुटला, असा त्याचा अर्थ. दोष मग बॅटरीपासून पॉइंटपर्यंतच्या वाटेतच आहे. काटा स्थिर राहिला आणि इंजिन तेवढे अडखळले, तर दोष कॉईलच्या पुढे, म्हणजे रोटर-टोपण-प्लग या भागात, किंवा पेट्रोलच्या पुरवठ्यात. एवढ्या एका निरीक्षणाने तासाभराची मेहनत वाचते, तरीही रस्त्याच्या कडेला थांबलेल्या किती जणांनी काट्याकडे पाहिलेले असते?

पेट्रोलच्या बाजूचे दोष वेगळ्या रीतीने बोलतात. ठिणगी चुकते तेव्हा हिसका तीक्ष्ण असतो. पेट्रोल अपुरे पडते तेव्हा इंजिन दमल्यासारखे होते, वेग हळूहळू मंदावतो आणि चढावर किंवा पूर्ण वेगात त्रास वाढतो. एमजीबीचा पेट्रोल पंप विजेवर चालतो व गाडीच्या मागच्या भागात असतो. किल्ली फिरवल्यावर तो ‘टिक टिक’ असा आवाज करतो आणि कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या, की थांबतो. तो थांबतच नसेल, तर टाकी रिकामी आहे, नळीत हवा शिरते आहे किंवा कोठेतरी गळती आहे. अजिबात वाजत नसेल, तर त्याचे स्वतःचे पॉइंट किंवा वायर तपासावी. कधी कधी टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्रच बुजलेले असते. गाडी वीस-तीस मिनिटे उत्तम चालते, मग टाकीत निर्वात पोकळी वाढून पंपाला पेट्रोल ओढता येईनासे होते. गाडी थोडा वेळ उभी राहिली, की पुन्हा चालू लागते, आणि मालक चक्रावून जातो. झाकण उघडताना ‘सुस्स’ असा आवाज आला, तर कोडे सुटले.

मिश्रण पातळ झाले आहे का, हे पाहण्यासाठी गाडी अडखळत असताना चोक किंचित ओढावा. एस.यू. कार्ब्युरेटरमध्ये चोक ओढल्याने पेट्रोलची जेट खाली सरकते आणि मिश्रण दाट होते. त्याने इंजिन सुधारले, तर पेट्रोल कमी येते आहे किंवा नको तेथून हवा शिरते आहे. हवेची गळती शोधण्यासाठी काही जण तापलेल्या इंजिनावर ज्वालाग्राही द्रव फवारतात. ही सवय अत्यंत घातक आहे. आजच्या काळात आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. ग्रेट ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून नेहमीच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि आपल्याकडे त्याचे प्रमाण त्याहून अधिक झाले आहे. साठ वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या या इंधनासाठी केलेल्या नव्हत्या. त्या आतून सुटू लागतात, त्यांचे काळे कण कार्ब्युरेटरच्या वाटीतील सुईसारख्या झडपेत अडकतात, आणि नळी बाहेरून भेगाळली तर तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकते. हा प्रश्न ज्वलनचुकीपुरता राहत नाही, तो आगीचा होतो.

दाबाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. दाबमापक प्लगच्या छिद्रात बसवून चारही सिलिंडरचे आकडे घ्यावेत. आकडा किती आहे यापेक्षा चौघांचे आकडे जवळजवळ सारखे आहेत का, हे महत्त्वाचे. शेजारच्या दोघांचे आकडे एकदम कमी आले, तर हेड गॅस्केट गेलेली असते.

आता एक उदाहरण अथपासून इतिपर्यंत पाहू. समजा, १९६५ सालची एक एमजीबी आहे. मंद चालीत तिचे इंजिन शांत चालते. रस्त्यावर एकसारख्या, मध्यम गतीने जाताना मात्र ती एकाएकी हिसके देऊ लागते, अनियमितपणे. काटा प्रत्येक हिसक्यासरशी थरथरत खाली येतो. आणि गंमत अशी, की ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, की गाडी एकदम साफ धावते.

हे शेवटचे लक्षण नीट पाहावे. पेट्रोल कमी पडत असते, तर पूर्ण वेगात त्रास वाढला असता. कॉईल अशक्त असती किंवा प्लग खराब असते, तरीही पूर्ण भाराखालीच चूक वाढली असती, कारण सिलिंडरमधील दाब जितका अधिक, तितके ठिणगीला उडी मारणे कठीण. येथे सगळे उलट घडते आहे. शिवाय काट्याने सांगितले आहे, की बारा व्होल्टचा प्रवाह तुटतो आहे. मग असे काय आहे, जे मंद चालीत आणि पूर्ण वेगात एका स्थितीत असते आणि मधल्या गतीत दुसऱ्या स्थितीत?

असा एकच भाग आहे. डिस्ट्रिब्युटरच्या कुशीला एक लहान चपटी डबी असते. तिच्यातील पडदा एका बारीक नळीने कार्ब्युरेटरला जोडलेला असतो. मध्यम गतीत कार्ब्युरेटरमधील निर्वात ओढ या पडद्याला खेचते, पडदा पॉइंटची तबकडी थोडी फिरवतो, आणि ठिणगी किंचित लवकर पडते. त्याने पेट्रोलची बचत होते. मंद चालीत थ्रॉटल बंद असल्याने ही ओढ नळीपर्यंत पोहोचत नाही. पूर्ण वेगात थ्रॉटल सताड उघडल्याने ओढच नाहीशी होते. दोन्ही वेळा तबकडी मूळ जागी परतते. म्हणजे तबकडी फिरली, की प्रवाह तुटतो.

तर्क येथवर आला, की तो पडताळून पाहावा. नळी काढून कार्ब्युरेटरकडचे छिद्र बंद करावे आणि गाडी चालवून पाहावी. तबकडी आता हलणार नाही. हिसके पूर्ण थांबले, तर आपण योग्य वाटेवर आहोत. पुन्हा उभ्या गाडीत, इंजिन मंद चालत असताना, डिस्ट्रिब्युटरकडच्या नळीचे मोकळे टोक तोंडात धरून हवा ओढावी. निरोगी इंजिनाची चाल याने किंचित वाढते. आपल्या उदाहरणातील इंजिन मात्र अडखळते, प्रसंगी बंदच पडते. रस्त्यावरचा दोष आता आपल्याला हवा तेव्हा, बसल्या जागी घडवता येतो. दोषशोधनात यासारखी मोलाची अवस्था दुसरी नाही. जो दोष केव्हाही घडवून आणता येतो, तो फार काळ लपून राहू शकत नाही.

टोपण काढल्यावर तबकडीला डिस्ट्रिब्युटरच्या अंगाशी जोडणारी एक आखूड वायर दिसते. तीच तबकडीची अर्थ. तिच्यावरचे कापडी आवरण अखंड असते, म्हणून पाहणाऱ्याला ती निर्दोष वाटते. परंतु एवढ्या वर्षांत लाखो वेळा वाकल्याने तिच्यातील तांब्याचे तंतू आवरणाच्या आत एकेक करून तुटलेले असतात. तबकडी मूळ जागी असताना तुटकी टोके एकमेकांना टेकतात, ती फिरली की अलग होतात. बोटाच्या चिमटीत धरून वायर हलकेच ताणली, तर ती एका ठिकाणी रबरासारखी लांबते. तबकडी आणि डिस्ट्रिब्युटरचे अंग यांच्यामध्ये मीटर लावून तबकडी हाताने फिरवली, की मीटरचे वाचन क्षणात बदलते.

दुरुस्तीला अर्धा तासही लागत नाही. फक्त नवी वायर हाताशी आली म्हणून कोणतीही साधी वायर तेथे जोडू नये. अनेक अतिसूक्ष्म तंतूंची, मऊ, सतत वाकणे सोसणारी वायरच घ्यावी. ती तबकडीच्या हालचालीला अडणार नाही आणि फिरत्या दांड्याला घासणार नाही, अशी वळवून बसवावी. जाड तंतूंची कडक वायर लावली, तर ती काही महिन्यांत पुन्हा तुटते, आणि तोवर तबकडीला मागे रेटून ठिणगीची वेळही बिघडवते. पॉइंटकडून बाहेर जाणारी दुसरी आखूड वायरही याच हालचालीत वाकत आलेली असते, म्हणून तीही त्याच वेळी बदलावी. मग पॉइंटचे अंतर मोजावे, टोपण बसवावे, नळी पुन्हा तोंडाने ओढून इंजिनाची चाल वाढते की नाही हे ऐकावे, आणि ज्या रस्त्यावर, ज्या गतीला गाडी अडखळली होती, त्याच रस्त्यावर त्याच गतीने, काट्यावर लक्ष ठेवून ती चालवून पाहावी.